सोलापूरच्या अतिवृष्टीचं गणित मांडताना या चुका टाळा

रस्त्याखालच्या मोरीचा किंवा नाल्याचा आराखडा करताना अतिवृष्टीचा आकडा फसतो, तो बहुतेक वेळा सूत्रामुळे नव्हे, तर नोंदी निवडताना.

सगळ्यात महागात पडते ती सवय म्हणजे पावसाळा म्हणून जून ते सप्टेंबर एवढेच महिने घेणं. कोकणात ते एक वेळ खपेल. आपल्याकडे मृग-आर्द्रा कित्येकदा कोरडी जातात आणि झोडपतो तो परतीचा पाऊस. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन १३ तारखेला काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आत आला आणि तेलंगणमार्गे सोलापूरपर्यंत पोचला. ३० सप्टेंबरला वही मिटणाऱ्याच्या तक्त्यात हा पाऊस येणारच नाही. एप्रिल-मेचा वळीवही घ्या, पण वेगळी खूण करून. तो तासाभरात धुऊन काढतो, तर उपसागरातून आलेला पाऊस मुक्काम ठोकतो. दोघांना एकाच वक्रात (किती पाऊस किती वर्षांनी येतो, हे दाखवणाऱ्या रेषेत) कोंबलं, की तो कुणालाच नीट बसत नाही.

दुसरी गफलत घड्याळाची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे रात्रभर पडून दहाला थांबलेला पाऊस दोन तारखांत वाटला जातो. म्हणून दैनिक कमाल आकड्यांवरून खऱ्या २४ तासांचा अंदाज काढताना साधारण १.१३ ने गुणतात. स्वयंचलित यंत्राच्या तासवार नोंदी हाताशी असतील, तर अर्थातच गुणू नका.

तासाचा पाऊस हवा म्हणून दिवसाच्या आकड्याला २४ ने भागणारेही भेटतात! १०० मिमीचे मग जेमतेम ४ मिमी उरतात. प्रचलित घनमूळाच्या सूत्राने, म्हणजे १/२४ च्या घनमुळाने गुणून, तेच सुमारे ३५ मिमी येतात. अर्थात वळिवासाठी तेही कमी पडू शकतात.

नोंदवहीतली रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी झाला की अतिवृष्टी, हा निकष नुकसानभरपाईचा. विश्लेषणाचा उंबरठा, म्हणजे किती मिमीच्या वरचा पाऊस मोजायचा ती मर्यादा, आकडे पाहून ठरवा आणि सलग दिवसांचा पाऊस एकच वादळ धरा.

मोठा पाऊस किती वर्षांनी येतो हे काढायचं संख्याशास्त्रीय सूत्र म्हणून गुंबेल वितरण सोपं आहे, पण त्याची शेपटी, म्हणजे टोकाच्या आकड्यांचा भाग, हलकी, त्यामुळे दुर्मिळ पाऊस कमी दिसू शकतो. शेपटीचा आकार बदलू देणारं सामान्य चरममूल्य वितरणही लावून पाहा. मात्र एकाच केंद्राच्या तीसेक वर्षांवरून आकार-प्राचल (शेपटी किती जड ते सांगणारा आकडा) ठरवू नका, शेजारची केंद्रं जोडा.

'शंभर वर्षांतून एकदा'चा पाऊस पुढच्या ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के असते. आणि पंढरपुरातल्या भीमेच्या पुरावरून स्थानिक पाऊस ताडायला जाऊ नका. ते पाणी बरंचसं पुण्याकडच्या घाटातलं, उजनीतून सोडलेलं असू शकतं.