ब्लू नोटच्या सूचीत शिरताना

ब्लू नोट हे जॅझचे लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी कंपनी, १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले, परंतु नव्या श्रोत्याने त्याची सूची अगदी पहिल्या तबकडीपासून ऐकायला घेऊ नये. आरंभीची ध्वनिमुद्रणे प्रामुख्याने बूगी-वूगी या ब्लूजवर आधारलेल्या ठेकेदार शैलीतील पियानोची आहेत, आणि ज्या आवाजासाठी हे लेबल नावाजले गेले तो १९५० च्या दशकाच्या मध्यास घडला. त्यामुळे तबकड्यांच्या १५०० आणि ४००० या दोन क्रमांकमालिकांपासून सुरुवात करणे श्रेयस्कर.

निवड करताना मुखपृष्ठावरच्या मोठ्या नावापेक्षा मागच्या बाजूची वादकांची यादी अधिक उपयोगी पडते. जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ (क्रमांक १५७७) सप्टेंबर १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. तीत ट्रम्पेट वाजवणारा ली मॉर्गन तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तोच आर्ट ब्लेकीच्या ‘मोनिन’मध्ये (४००३) भेटतो आणि ‘द साइडवाइंडर’मध्ये (४१५७) स्वतः नायक होतो. या तीन तबकड्या लागोपाठ ऐकल्या की एका वादकाचा सूर कानाला ओळखीचा होतो, आणि मग सूची परकी वाटत नाही.

याच रीतीने पुढे फ्रेडी हबर्डचा माग काढावा. हर्बी हॅनकॉकची ‘मेडन व्हॉयेज’ (४१९५) आणि एरिक डॉल्फीची ‘आउट टू लंच’ (४१६३) या दोन्हींत ट्रम्पेट त्याचा आणि ड्रम टोनी विल्यम्सचे आहेत; तरीही पहिली सहज मनात उतरते आणि दुसरी पहिल्या ऐकण्यात बहुधा दाद देत नाही. ती तेवढ्यावर सोडून देऊ नये. ‘मेडन व्हॉयेज’ पाठ झाल्यावर तिच्याकडे परत यावे आणि प्रथम केवळ ड्रमकडेच लक्ष द्यावे.

या पाचही तबकड्यांचे ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर यांनी केले. पहिल्या दोन न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे, त्यांच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात झाल्या. उरलेल्या तीन, १९५९ साली एंगलवुड क्लिफ्स येथे उघडलेल्या उंच छताच्या स्टुडिओत. शक्य असल्यास हेडफोन लावून दोन्ही जागांची तुलना करावी. संस्थापक आल्फ्रेड लायन वादकांना तालमीचेही पैसे देत, आणि अवघड रचनाही या तबकड्यांवर इतक्या बांधेसूद ऐकू येतात, याचे बरेचसे श्रेय माझ्या मते त्या तालमींना आहे.

मुखपृष्ठांविषयी वेगळे सांगायला नको. रीड माइल्स यांची मांडणी आणि फ्रान्सिस वुल्फ यांची छायाचित्रे पाहूनच अनेकजण या वाटेला लागतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रकाशनाच्या वर्षावरून संगीताचा काळ ठरवू नये, कारण कित्येक ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली: वेन शॉर्टरची ‘एट सेटरा’ १९६५ मध्ये वाजवली गेली, पण श्रोत्यांच्या हाती पडली ती १९८० साली. म्हणून स्वतःची यादी करताना ध्वनिमुद्रणाची तारीखच लिहून ठेवावी.