रँचर अपग्रेड करण्यापूर्वी प्लॅटफॉर्मची सुसंगतता कशी तपासावी

अनेक कुबरनेटीस क्लस्टर्स (कंटेनरमधील अ‍ॅप्लिकेशन्स चालवणारे यंत्रांचे समूह) एकाच ठिकाणाहून सांभाळण्यासाठी रँचर हे साधन वापरणाऱ्या टीमसमोर दर काही महिन्यांनी एकच प्रश्न उभा राहतो: नवी आवृत्ती आपल्याकडे चालेल का? या प्रश्नाचे थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मिळत नाही, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. रँचर स्वतः ज्या क्लस्टरमध्ये चालते, म्हणजेच लोकल क्लस्टर, ते नव्या आवृत्तीला चालणारे आहे का, हा पहिला. ज्या क्लस्टर्सवर ते देखरेख ठेवते, त्या डाउनस्ट्रीम क्लस्टर्सच्या कुबरनेटीस आवृत्त्या तिच्या कक्षेत येतात का, हा दुसरा. आणि या सर्वांच्या तळाशी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम, कर्नेल, प्रोसेसर व कंटेनर रनटाइम (कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर) यांना मान्यता आहे का, हा तिसरा. ही उत्तरे एकमेकांत मिसळू न देणे, हेच या कामातले मुख्य पथ्य आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून न करता चालू क्लस्टर्सपासून करावी. प्रत्येक क्लस्टरमधील नोड्सची, म्हणजे यंत्रांची, यादी विस्तृत स्वरूपात मागितली की क्यूबलेटची (प्रत्येक नोडवर चालणाऱ्या कुबरनेटीसच्या सेवेची) आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, कर्नेल आणि कंटेनर रनटाइम ही माहिती एकाच तक्त्यात मिळते. प्रोसेसरचा प्रकार नोडच्या लेबलवरून कळतो. त्याशेजारी क्लस्टर कोणत्या वितरणाचे, म्हणजे कुबरनेटीसच्या कोणत्या तयार रूपाचे, आहे (आरकेई२, के३एस, अ‍ॅमेझॉनचे ईकेएस, मायक्रोसॉफ्टचे एकेएस, गूगलचे जीकेई), ते रँचरनेच उभारले की बाहेर उभारून नंतर जोडले, आणि त्यात हेल्मने (कुबरनेटीसवर सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनाने) बसवलेले कोणते चार्ट, म्हणजे स्थापनेची पॅकेजेस, आहेत, हे लिहावे. जोडण्याची पद्धत नोंदवणे फार महत्त्वाचे आहे. आरकेई२, के३एस आणि वर उल्लेख केलेल्या क्लाउड सेवा यांखेरीज अन्य प्रकारचे क्लस्टर सर्वसाधारण पद्धतीने जोडलेले असेल, तर रँचर त्याची कुबरनेटीस आवृत्ती बदलू शकत नाही. ते काम मूळ साधनानेच करावे लागते आणि त्याचा वेळ वेगळा धरावा लागतो.

यानंतर रँचरची निर्माती कंपनी सुसे हिचे सपोर्ट मॅट्रिक्स, म्हणजे मान्य आवृत्त्यांचा तक्ता, उघडावे. ते रँचरच्या प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र असते, म्हणून आपण ज्या आवृत्तीवर जाणार आहोत तिचेच पान समोर आहे याची खात्री आधी करावी. लोकल क्लस्टरचा भाग आणि डाउनस्ट्रीम क्लस्टर्सचा भाग वेगवेगळा वाचावा, तळटीपा सोडू नयेत. मॅट्रिक्समध्ये नसलेली जोडी चालणारच नाही असे नाही. पण ती निर्मात्याने तपासलेली नसते आणि अडचण आल्यास तिची जबाबदारी तो घेत नाही. उत्पादन वातावरणासाठी हा फरक निर्णायक मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मॅट्रिक्स काही वेळा फार कठोर उत्तर देते. आरकेई१, म्हणजे आरकेई२ च्या आधीचे रँचरचे कुबरनेटीस वितरण, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. या वितरणाचे आयुष्य ३१ जुलै २०२५ रोजी संपले आणि रँचर २.१२ पासून आरकेई१ क्लस्टर्सचे व्यवस्थापन काढून टाकण्यात आले. आरकेई१ चे क्लस्टर जागच्या जागी आरकेई२ मध्ये बदलता येत नाही. नवे क्लस्टर उभारून कार्यभार त्यावर हलवावा लागतो. ज्यांच्याकडे असे एखादे क्लस्टर अजून शिल्लक आहे, त्यांच्यासाठी पुढचे अपग्रेड हे खरे तर स्थलांतराचे काम आहे आणि त्याचे नियोजन त्याच मापाने झाले पाहिजे.

क्रम ठरवताना दोन्ही आवृत्त्यांना समाईक असलेला पट्टा शोधावा. समजा, सध्याचे रँचर कुबरनेटीस १.२८ ते १.३१ मान्य करते आणि पुढचे १.३० ते १.३२, तर समाईक पट्टा १.३० आणि १.३१ हा आहे. रँचरला हात लावण्यापूर्वी लोकल क्लस्टर आणि सर्व डाउनस्ट्रीम क्लस्टर्स या पट्ट्यात आणावीत, मग रँचर अपग्रेड करावे, त्यानंतर लोकल क्लस्टर १.३२ वर न्यावे आणि शेवटी डाउनस्ट्रीम क्लस्टर्स. एखादे क्लस्टर १.२८ वरच अडून राहिले असेल, तर तेच संपूर्ण ताफ्याचा वेग ठरवते, म्हणून सर्वांत मागे असलेल्या क्लस्टरच्या मालकांशी बोलणी सर्वांत आधी सुरू करावी. लोकल क्लस्टरची आवृत्ती चार्टच्या मर्यादेबाहेर गेली असेल, तर हेल्म स्थापना सुरू होण्याआधीच नकार देते. हा नकार ऐकावा. चार्टमध्ये बदल करून तो चुकवू नये.

कुबरनेटीसचे स्वतःचे नियमही या हिशेबात धरावे लागतात. कंट्रोल प्लेन (क्लस्टरचे नियंत्रण करणारा भाग) एका वेळी एकच मायनर आवृत्ती पुढे नेता येते, म्हणून १.२८ वरून १.३० ला जाण्यासाठी १.२९ चा थांबा टाळता येत नाही. क्यूबलेट एपीआय सर्व्हरपेक्षा (क्लस्टरकडे येणाऱ्या विनंत्या स्वीकारणाऱ्या घटकापेक्षा) कधीही नवा असू नये, १.२८ पासून तो तीन मायनर आवृत्त्यांपर्यंत मागे राहू शकतो, त्यापूर्वी ही मर्यादा दोनच होती. क्यूबसीटीएल (क्लस्टरला आज्ञा देण्याचे कमांड-लाइन साधन) मात्र एपीआय सर्व्हरच्या एक आवृत्ती मागे-पुढेच असावे. अनेक क्लस्टर्सवर एकाच यंत्रावरून काम करणाऱ्यांकडून हा नियम सहज मोडला जातो, तेव्हा वेगवेगळ्या आवृत्त्यांची क्यूबसीटीएल हाताशी ठेवणे बरे.

आवृत्त्या जुळल्या तरी काम निम्मेच झालेले असते, कारण अपग्रेडमध्ये बहुतेक वेळा मोडतात ती कुबरनेटीसमधून काढून टाकलेल्या एपीआयवर विसंबलेली साधने. १.२२ मध्ये इन्ग्रेस (बाहेरून येणारी वाहतूक आत नेण्याचे नियम) आणि कस्टम रिसोर्स डेफिनिशन (स्वतःचे नवे घटक-प्रकार ठरवण्याची सोय) यांचे बीटा एपीआय गेले. १.२५ मध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी (पॉड, म्हणजे कंटेनरच्या गटांवरील सुरक्षा-बंधने) पूर्णपणे हटवण्यात आली आणि क्रॉनजॉबचे (ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांचे) बीटा रूपही बंद झाले. असे कोणते एपीआय आपल्या क्लस्टरमध्ये अजून मागितले जात आहेत, हे एपीआय सर्व्हरच्या मेट्रिक्समध्ये दिसते. कालबाह्य एपीआयच्या वापराची त्यात स्वतंत्र नोंद असते. ती एका दिवसापुरती न पाहता महिनाअखेरची कामे येऊन जाईपर्यंत पाहावी, कारण महिन्यातून एकदाच चालणारी स्क्रिप्ट एरवी नजरेस पडत नाही.

हेल्मच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. हेल्म प्रत्येक रिलीजचा (बसवलेल्या चार्टचा) शेवटचा मॅनिफेस्ट, म्हणजे त्यातील घटकांचे वर्णन, क्लस्टरमध्येच साठवून ठेवते. त्या मॅनिफेस्टमध्ये काढून टाकलेला एपीआय असेल, तर नवा चार्ट कितीही निर्दोष असला तरी क्लस्टर पुढे गेल्यावर त्या रिलीजचे अपग्रेड अडते. म्हणून क्रम पाळावा: आधी चार्ट नव्या एपीआयवर आणावेत, मग क्लस्टर पुढे न्यावे. रँचरच्या मॉनिटरिंग, लॉगिंग यांसारख्या चार्टनाही १.२५ च्या वेळी हीच काळजी लागली होती. त्यांतील पॉड सिक्युरिटी पॉलिसी आधी काढूनच क्लस्टर पुढे न्यायचे होते. क्लस्टर आधीच पुढे गेले असेल, तर साठवलेला मॅनिफेस्ट दुरुस्त करणारे हेल्मचे मॅपक्यूबएपीआयज हे प्लगिन कामी येते.

तळाच्या थराकडे वळू. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आहे. असे नोड शिल्लक असतील तर ते आधी बदलावेत. १.२४ मध्ये डॉकरशिम (कुबरनेटीसला डॉकर वापरू देणारा जोडदुवा) काढले गेल्यापासून कंटेनर-डी किंवा क्राय-ओ हे रनटाइम रूढ आहेत, त्यामुळे नोडवरील डॉकरच्या सॉकेटवर अवलंबून असणाऱ्या जुन्या बिल्ड-स्क्रिप्ट शोधून काढाव्यात. आरकेई२ च्या नोडवर फायरवॉल-डी चालू असेल तर ते कॅनाल या नेटवर्क प्लगिनशी भांडते, आणि म्हणून ते बंद ठेवण्याची शिफारस आहे. एआरएम प्रोसेसरचे नोड असल्यास प्रत्येक इमेज त्या रचनेसाठीही उपलब्ध आहे का, हे तपासावे. विंडोज नोड असल्यास कंटेनरच्या पायाभूत इमेजची आवृत्ती यजमान सर्व्हरशी जुळली पाहिजे.

क्लाउडवरील क्लस्टर्सना स्वतःचे घड्याळ असते. कुबरनेटीसची प्रत्येक मायनर आवृत्ती साधारण १४ महिने सांभाळली जाते. जीकेईसारख्या सेवा रिलीज चॅनलनुसार क्लस्टर आपोआप पुढे नेतात. परिणामी आपण काहीही न करता एखादे डाउनस्ट्रीम क्लस्टर रँचरच्या मान्य पट्ट्याबाहेर जाऊ शकते. यावर उपाय म्हणजे संथ चॅनल निवडणे, देखभालीच्या वेळा आखून देणे आणि रँचरचे अपग्रेड त्या तारखांच्या आधी उरकणे.

रँचर अपग्रेड झाले की प्रत्येक डाउनस्ट्रीम क्लस्टरमधील रँचरचा एजंटही नव्या इमेजसह पुन्हा तैनात होतो. हा एजंट क्लस्टरमधून बाहेर, रँचरच्या पत्त्याकडे ४४३ पोर्टवर वेबसॉकेटची जोडणी करतो. मधल्या प्रॉक्सीने वेबसॉकेट अडवले किंवा प्रमाणपत्राची साखळी अपुरी असली, तर क्लस्टर अनुपलब्ध दिसू लागते. त्यातील कार्यभार मात्र चालूच राहतो, म्हणून अशा वेळी घाईने काही पुसून टाकू नये. इंटरनेटपासून तोडलेल्या जाळ्यात नव्या आवृत्तीच्या इमेज-यादीप्रमाणे खासगी रजिस्ट्री आधी भरून घ्यावी.

प्रत्यक्ष दिवसापूर्वी रँचर-बॅकअप ऑपरेटरने बॅकअप घ्यावा, लोकल क्लस्टरच्या एटसीडीचा (क्लस्टरची स्थिती साठवणाऱ्या डेटाबेसचा) स्नॅपशॉट क्लस्टरबाहेर ठेवावा आणि वेगळ्या चाचणी क्लस्टरवर तो पूर्ववत करून पाहावा. कुबरनेटीसची मायनर आवृत्ती मागे नेण्याला अधिकृत आधार नाही, त्यामुळे परतीचा भरवशाचा मार्ग एवढाच उरतो. अपग्रेडनंतर सर्व एजंट जोडलेले आहेत का, फ्लीटमार्फत (अनेक क्लस्टर्सवर बदल पोहोचवणाऱ्या रँचरच्या साधनामार्फत) जाणारे बदल पोहोचतात का आणि वापरकर्त्यांचे लॉगिन चालते का, हे पाहावे. मगच लोकल क्लस्टरच्या कुबरनेटीसला हात लावावा, आणि डाउनस्ट्रीम क्लस्टर्समध्ये सर्वांत कमी जोखमीचे क्लस्टर पहिले घ्यावे.