गाय-म्हैस गाभडली तर घरातल्या माणसांना कसं जपावं

सातव्या-आठव्या महिन्यात गाभण गाय वासरू टाकते, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव गायीत अडकतो. वेत गेलं, दूध गेलं, वार (गर्भाभोवतीचं आवरण) पडत नाही. त्या गडबडीत कुणीतरी मेलेलं वासरू उघड्या हातांनी उचलतं, दुसरं कुणी वार ओढतं आणि शेवटी घरातली बाई खराटा घेऊन गोठा धुवायला लागते. हात कोपरापर्यंत भरलेले असतात. ब्रुसेलोसिस हा आजार जनावराकडून माणसाकडे येतो तो बहुतेकदा अशाच वेळी. सरकारी पत्रकांत याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात.

ब्रुसेला हा जिवाणू टाकलेल्या गर्भात, वारेत आणि अंगावरून जाणाऱ्या पाण्यात प्रचंड संख्येने असतो. हाताला चीर असेल तर तिथून तो शरीरात शिरतो, डोळ्यात उडालेल्या थेंबातून आणि श्वासातूनही जातो. रोज ऊसाचे वाढे नाहीतर कडबा कापणाऱ्या माणसाच्या हातांना चिरा नाहीत असं होतच नाही. प्रत्येक गर्भपात ब्रुसेलाचाच असतो असं नाही. मार लागून, दुसऱ्या जंतूंमुळे किंवा इतर कारणांनीही जनावर गाभडतं. पण नुसतं बघून ते ओळखता येत नाही. म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत ब्रुसेलाच आहे असं धरून वागावं.

पहिल्या तासात काय करावं

गर्भाला हात लावण्याआधी माणसं बाजूला करा. घरात कुणी गरोदर असेल तर तिने गोठ्याकडे फिरकूच नये, कारण हा आजार माणसातही गर्भपात घडवू शकतो. लहान मुलांनाही लांब ठेवा. काम एकाच मोठ्या माणसाने करावं आणि त्याच्या हातावर ताजी जखम नसावी.

हातमोजे घाला. कृत्रिम रेतनासाठी वापरतात तसे खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे मोजे पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळतात आणि स्वस्त असतात. जनावर गाभण असतानाच चार-सहा आणून ठेवावेत. ऐन वेळी नसलेच तर दोन्ही हातांना दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. उघड्या हातापेक्षा त्या कितीतरी बऱ्या. नाक-तोंड फडक्याने झाका, शक्य असेल तर चष्मा लावा, पायात गमबूट घाला.

वार अडकली असेल तर स्वतः ओढू नका आणि गावातल्या 'जाणकारा'लाही ओढू देऊ नका. त्याने जनावराच्या गर्भाशयाला इजा होते आणि ओढणाऱ्याचा हात थेट संसर्गात जातो. पशुवैद्यकाला बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक 1962 आहे. फोनवरच सांगा की जनावर गाभडलं आहे. म्हणजे येणारे डॉक्टर तयारीने येतील आणि नमुना घेण्याचं साहित्यही सोबत आणतील. ते येईपर्यंत गर्भ आणि वार झाकून ठेवा, कारण तपासणीसाठी त्यांची गरज पडू शकते.

नंतर गर्भ, वार आणि भिजलेला चारा विहिरीपासून व ओढ्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरा. वर कळीचा चुना टाका, मातीचा जाड थर द्या आणि त्यावर काटेरी फांद्या ठेवा. कुत्र्याने उकरून वार ओढून नेली, तर आजार गावभर फिरतो आणि त्या कुत्र्यालाही लागण होऊ शकते. काही गावांत वार गोणपाटात बांधून वडाला टांगायची रीत आहे, दूध वाढावं म्हणून. नीट व्यालेल्या जनावराच्या बाबतीतही मी ती रीत सोडायला सांगेन. गाभडलेल्या जनावराची वार तर टांगूच नये. खालून जाणारी माणसं, पोरं, कुत्री, सगळ्यांना तो धोका आहे.

गोठा असा धुवा

कोरडं झाडू नका आणि पाइपने जोराचा फवाराही मारू नका. दोन्हींमुळे जंतू हवेत उडतात. आधी चुना किंवा फिनेलचं पाणी हलकेच शिंपडा आणि थोडा वेळ जाऊ द्या. मग शेण आणि घाण फावड्याने उचला, साबणाच्या पाण्याने जमीन धुवा आणि शेवटी ब्लीचिंग पावडरचं पाणी टाका. हा क्रम महत्त्वाचा आहे. शेणावर ब्लीचिंग टाकलं तर त्याचा जोर शेणातच संपतो.

ओलाव्यात आणि सावलीत हा जिवाणू बरेच दिवस टिकतो, पण कडक उन्हात लवकर मरतो. छपराचा पत्रा सरकवून ऊन आत घेता येत असेल तर जरूर घ्या. कामाचे कपडे उकळत्या पाण्यात टाका. मोजे गर्भाबरोबर पुरा. हात साबणाने कोपराच्या वरपर्यंत धुवा आणि त्यानंतरच चहाच्या कपाला किंवा तंबाखूच्या पुडीला हात लावा. गाभडलेल्या जनावराच्या जागचं शेण पुढचे काही आठवडे सारवायला किंवा गोवऱ्या थापायला घेऊ नका. ते काम उघड्या हातांचं असतं आणि बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं.

गाभडलेली गाय इतर गाभण जनावरांपासून वेगळी बांधा. अंगावरून जाणं पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, तिचं पाणी आणि गव्हाण वेगळी असावी. धार सगळ्यांत शेवटी काढा.

रक्त तपासून घ्या, एकदा नव्हे, दोनदा

गाभडल्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात कधीकधी काहीच दिसत नाही. म्हणून साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तो प्रयोगशाळेत जातो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

पुष्कळांची फसगत होते ती पुढच्या वेताला. ब्रुसेला झालेली गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेळी ती नीट विते आणि मालकाला वाटतं, गेलं संकट. पण जिवाणू तिच्या कासेत आणि शरीरात राहतो, दुधातून आणि विताना बाहेर पडतच असतो. जनावर मात्र धडधाकट दिसतं. 1887 साली माल्टा बेटावर ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत हा जिवाणू पाहिला. तो येतो कुठून हे कळायला मात्र 1905 उजाडलं. माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांना तो तिथल्या शेळ्यांत सापडला. त्या शेळ्या दारोदार नेऊन लोकांसमोर पिळल्या जात. आजारी दिसत नव्हत्या, म्हणून कुणाला संशयच आला नाही.

जनावरात यावर भरवशाचा उपचार नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि बैल-वळूच्या कत्तलीवर 2015 पासून बंदी आहे, त्यामुळे अशी गाय पोसणं मालकावरच येतं. ही अडचण खरी आहे आणि म्हणूनच अनेकजण गुपचूप बाजार दाखवतात. कृपा करून तसं करू नका. दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या घरात ती गाय आजार घेऊन जाते आणि त्या घराला काहीच माहीत नसतं. तिला वेगळी ठेवणं, दर वेळी विताना मोजे घालणं आणि दूध उकळणं हे घरच्या घरी जमण्यासारखं आहे.

दूध

उकळी आलेल्या दुधात ब्रुसेला उरत नाही. पाश्चरायझेशनही पुरेसं आहे, त्यामुळे डेअरीच्या पिशवीतल्या दुधाची भीती नको. धोका आहे तो धारोष्ण दुधात, कच्च्या दुधाच्या पनीरमध्ये, न उकळलेल्या दुधाला विरजण लावलेल्या दह्यात. पंचामृतासाठी घरचं कच्चं दूध घेतात, तेही उकळून गार करून घ्यावं. खरवस चांगला वाफवलेला असावा, मात्र कच्चा चीक चाखू नये.

शेळीच्या दुधाविषयी जरा जास्त कळकळीने सांगते. शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला मेलिटेन्सिस हा प्रकार माणसाला सगळ्यांत जास्त त्रास देतो. डेंग्यूत रक्तातल्या कमी झालेल्या पेशी (प्लेटलेट) त्याने वाढतात या समजुतीने शेळीचं दूध शोधून आणून कच्चंच पाजलं जातं. ज्याचं शरीर आधीच खचलंय त्या माणसाला आपण दुसरा ताप देऊन बसतो. द्यायचंच असेल तर उकळून द्या.

माणसाला ताप आला तर

लागण झाल्यावर ताप यायला एक ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही. तोवर ती गाय कुणाच्या लक्षातही नसते. ताप चढतो-उतरतो, रात्री घाम फुटतो, पाठ आणि सांधे ठणकतात, अंगात बळ राहत नाही. पुरुषांत वृषणाला सूजही येते. टायफॉइड, मलेरिया, क्षय असे अंदाज होत राहतात आणि ताप पुन्हा येतो.

अशा वेळी डॉक्टरांना आपणहून सांगा: "घरी जनावरं आहेत, अमुक महिन्यात गाय गाभडली होती, मी ती साफ केली." या वाक्याने डॉक्टर ब्रुसेलाची रक्ततपासणी सांगतील. मेंढ्यांत राहणाऱ्या धनगर बांधवांनी, खाटीककाम करणाऱ्यांनी आणि पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनीही आपलं काम डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

उपचार आहे आणि माणूस बरा होतो. सहसा डॉक्सिसायक्लिनबरोबर आणखी एक प्रतिजैविक किमान सहा आठवडे घ्यावं लागतं. कोणतं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. दहा दिवसांत बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडल्या तर ताप उलटतो. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा होत नाही, तेव्हा रुग्णाचं ताट-वाटी वेगळं करू नका.

कालवडींचं लसीकरण आणि नवी खरेदी

गायी-म्हशींच्या मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच देतात. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळते. वय उलटून गेलं की संधी गेली, म्हणून कालवड किंवा पारडी तीन महिन्यांची झाली की दवाखान्यात नाव नोंदवा. नरांना आणि गाभण जनावरांना ही लस देत नाहीत. लस जिवंत जंतूंची असते. वासरू धरताना सुई चुकून तुम्हाला टोचली किंवा लस डोळ्यात उडाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कोणती लस होती ते सांगा.

बाजारातून जनावर घेताना दात, सड, कास सगळं पाहिलं जातं. त्यासोबत मागच्या वेताविषयी विचारा: गाभडली होती का, वार अडकली होती का? रक्त तपासूनच सौदा पक्का करा. आणल्यावर महिनाभर वेगळं बांधा आणि त्या महिन्यात पुन्हा एकदा रक्त तपासा. गाभण जनावर विकत घेतलं असेल, तर ते व्यायच्या आधी मोजे घरात आणून ठेवा.