शाळेतली गळती रोखणाऱ्या संस्थेचे विश्वस्त आहात? मग या चुका टाळा

बैठकीत वाटलेल्या दप्तरांचा आकडा वाचला जातो, टाळ्या पडतात, आणि त्यातली किती मुलं अजून वर्गात बसतात हे विचारायचं राहूनच जातं. वाटप मोजायला सोपं, फोटोही छान येतो. पण तुमचं काम मुलं टिकवण्याचं असेल तर हजेरी हाच पहिला आकडा हवा.

त्यातही सरासरीवर विसंबू नका. १०० मुलांपैकी ८० जणांची हजेरी ९८ टक्के आणि २० जणांची ७८ टक्के असेल, तरी सरासरी ९४ येते. अहवाल झकास दिसतो आणि हातातून निसटणारी २० मुलं त्यात दडून जातात. अमेरिकेत शाळेच्या १० टक्के दिवस गैरहजर राहणं ही धोक्याची खूण मानतात, आजारपणाच्या रजा धरून. १८० दिवसांच्या वर्षात हे होतात १८ दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. इतक्याने कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, गोम तिथेच आहे. म्हणून दर महिन्याला ही रेषा ओलांडलेली मुलं किती, एवढंच विचारा. नावं मात्र मागू नका. कोणाच्या घरी काय चाललंय, हा विश्वस्तांच्या चहापानाचा विषय नव्हे.

आकडा वाढला की लगेच पालकसभा किंवा भाषण ठेवायचं, ही पुढची चूक. आधी गैरहजेरी कशी पडते ते बघा. एकाच वस्तीतली मुलं येत नसतील तर वाहतुकीची चौकशी करा. एकाच वर्गातली असतील तर तिथे दादागिरी चालते का, शिक्षकांशी काही बिनसलंय का, ते पाहा. मोठ्या मुलीच गळत असतील तर घरी धाकट्यांना कोण सांभाळतं हे विचारा, आणि शाळेचं स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा.

कार्यकर्त्यांच्या कामात लुडबुड नको. धोरण, पैसा आणि मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक मंडळाची. रोज कोणत्या घरी जायचं हे कार्यकर्ता ठरवेल. अध्यक्ष परस्पर मुख्याध्यापकांना फोन करू लागले की दोन महिन्यांत शाळेला कळेनासं होतं, ऐकायचं कोणाचं!

सगळे विश्वस्त देणगीदारच असतील तर निदान दोन पालक आणि एखादा माजी विद्यार्थी घ्या. नुसते शोभेला नको, मताधिकारासह. विश्वस्ताच्या नातलगाला कंत्राट देण्याचा विषय निघाला तर त्या विश्वस्ताने बाहेर बसावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.

एका शाळेत जम बसला की लगेच दहा शाळा घ्यायचा मोह होतो. १९७७ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘कम्युनिटीज इन स्कूल्स’ ही संस्था मुलं शाळेत टिकावीत म्हणून शाळेतच आपला समन्वयक बसवते. तसा माणूस आणि त्याचा किमान दोन वर्षांचा पगार हाताशी नसेल, तर नवी शाळा घेऊ नका. आणि तो वर्षाच्या मध्येच सोडून जाणार असेल, तर नव्या माणसाची मुलांशी ओळख त्यानेच करून द्यावी, ही अट नेमणूकपत्रातच घाला.