टेक्ससमध्ये मॅन्युफॅक्चर्ड होम घेताय? घराआधी जमीन आणि कागद बघा

डॅलस किंवा ह्यूस्टनच्या आसपास स्थिरावू पाहणाऱ्यांना हायवेलगतच्या डीलरकडे मांडलेली नवी मॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे कारखान्यात बांधून भागाभागांत आणलेली, घरं खुणावतात. तीन बेडरूम, दोन बाथरूम आणि किंमत शहरातल्या घरापेक्षा कितीतरी कमी. पण पाटीवरचा आकडा बहुतेक वेळा नुसत्या घराचा असतो. वाहतूक, जोडणी, वीज-पाण्याची जोड, पायऱ्या, स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा झाकणारं भोवतीचं आवरण), एसीचं बाहेरचं युनिट यांतलं काय धरलंय ते एकेक ओळ करून लेखी मागा. तोंडी आश्वासनांवर भिस्त ठेवू नका.

आधी नावांचा घोळ सोडवू. हडचं, म्हणजे केंद्रीय गृहनिर्माण खात्याचं, बांधकाम मानक १५ जून १९७६ रोजी लागू झालं. त्याआधीचं ते मोबाइल होम, त्यानंतर या मानकानुसार बांधलेलं ते मॅन्युफॅक्चर्ड होम. मॉड्युलर घरही कारखान्यातच बनतं, पण राज्याच्या किंवा गावाच्या नियमांनुसार, आणि त्याला कायमची लोखंडी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, लागत नाही. विक्रेते बोलताना हे शब्द सर्रास मिसळतात, म्हणून पट्टीवर विश्वास ठेवा. घराच्या प्रत्येक भागाला बाहेरून हडच्या मानकाची खूण असलेली लाल धातूची पट्टी हवी. डबलवाइड म्हणजे दोन भाग, म्हणून दोन पट्ट्या. आत स्वयंपाकघराच्या कपाटात, वॉर्डरोबमध्ये किंवा वीजपॅनलजवळ माहितीचा कागद चिकटवलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा आणि रंगकाम करताना कागद झाकू नका. कर्ज आणि विम्याच्या वेळी तोच शोधावा लागतो.

त्या कागदावर वाऱ्याचा झोन असतो, म्हणजे घर किती जोराच्या वाऱ्यासाठी बांधलंय ते; आकडा मोठा तितकं घर मजबूत. ह्यूस्टनची हॅरिस काउंटी (म्हणजे जिल्हा) झोन १ मध्ये येते, शेजारची गॅल्व्हेस्टन झोन २ मध्ये. झोन १ चं घर गॅल्व्हेस्टनला बसवता येत नाही, उलट चालतं. किनाऱ्याकडे जायचं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

आता जमीन. पार्कात, म्हणजे अशा घरांसाठीच्या वसाहतीत, जागा भाड्याने घेतली तर घर तुमचं, जमीन मालकाची. भाडं वाढलं की घर उचलून दुसरीकडे नेऊ, हा हिशेब कागदावरच बरा दिसतो. डबलवाइड सोडवून, हलवून पुन्हा बसवायला हजारो डॉलर लागतात. म्हणून भाडेवाढ कशी होते, पाणी-कचरा वेगळा आहे का, विकताना नव्या मालकाला पार्क मान्यता देतं का, हे करारात वाचा. स्वतःची जमीन घेणार असाल तर सही करण्याआधी झोनिंग आणि खरेदीखतातल्या अटी तपासा. अनेक वसाहतींमध्ये अशा घरांना मनाईच असते. पूरनकाशा बघा. विहीर आणि सेप्टिक लागणार असेल तर मातीची चाचणी आधी. आणि सोळा फूट रुंदीचा भाग गेटातून, झाडांखालून आत येईल का, हेही मोजा.

कर्जही जमीन कुणाची यावरच ठरतं. जमिनीशिवाय घेतलेल्या घराला सहसा चॅटल लोन मिळतं, म्हणजे गाडीसारखं: व्याज जास्त, मुदत कमी. नवख्यांनी एक नीट लक्षात घ्यावं. २५ मे २०२५ पासून एफएचएच्या, म्हणजे केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाच्या, हमीचं कर्ज एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना मिळत नाही. ग्रीन कार्ड हाती नसेल तर इतर कर्ज देणाऱ्यांकडे लेखी पूर्वमंजुरी घ्या, मगच डीलरला बयाणा द्या.

टेक्ससमध्ये मालकीचा कागद म्हणजे स्टेटमेंट ऑफ ओनरशिप. तो राज्याचा गृहनिर्माण विभाग देतो. जमीन तुमची असेल तर घर स्थावर मालमत्ता धरायचा पर्याय निवडून तो कागद काउंटीच्या दप्तरी नोंदवावा लागतो. नुसती निवड करून नोंद राहिली तर काम अर्धवट, आणि ते कळतं विकताना.

बिघडतं ते बहुतेक जोडणीत. जमीन घरापासून बाहेर उतरती हवी, पहिल्या दहा फुटांत फुटामागे अर्धा इंच. घराखाली ६ मिल (इंचाचे सहा हजारांश) जाडीचं प्लास्टिक अंथरलेलं हवं. ओलावा साचला की जमीन मऊ पडते, पिअर, म्हणजे घराखालचे आधारखांब, खचतात, दारं अडकतात आणि दोन भागांच्या जोडावर भेग दिसते. बऱ्याचदा ती भिंतीची चूक नसते. भेग बुजवण्याआधी घर लेव्हल करून घ्या. एसीचं पाणी आणि ड्रायरची हवा स्कर्टिंगच्या बाहेर काढलेली हवी. दोन भागांना जोडणारा एसीच्या हवेचा मोठा डक्ट (नळ) जमिनीला टेकलेला नको. टॉर्च घेऊन वाकून बघा, लाज वाटून घेऊ नका.

आपल्या सवयींचंही बघा. मोरीसारखा उतार आणि जाळी इथे नसते. बादलीने अंघोळ, फरशीवर पाणी ओतून धुणं असं केलं तर लादीखालचा लाकडी थर फुगतो. फोडणी रोजची असेल तर शेगडीवर हवा घराबाहेर टाकणारा हूड मागून घ्या; काही हूड धूर गाळून परत खोलीतच सोडतात. देवघर किंवा जड फळी टांगताना आधी स्टड, म्हणजे भिंतीच्या आतला उभा आधार, शोधा, कारण पातळ पॅनल वजन धरत नाही.

ताबा घेताना दारं, खिडक्या, नळ, प्रत्येक सॉकेट तपासून यादी करा, फोटोंवर तारीख ठेवा. दोष दिसला की कारखाना, डीलर आणि जोडणी करणारा, तिघांनाही लेखी कळवा, पहिल्या जोडणीपासून एका वर्षाच्या आत. फोनवर "पाठवतो माणूस" म्हणाले तरी ईमेल कराच.