अलान्यात एक दिवस: रोपवेने वर, पायी खाली

तुर्कस्तानच्या सहलीत अंताल्याला एक दिवस मोकळा मिळाला, तर सांगली-मिरजेकडच्या माणसाने तो अलान्याला द्यावा. अंतर जवळजवळ सांगली ते साताऱ्याइतकं, बसने अडीच-तीन तास. म्हणून सकाळची लवकरची बस धरा, आणि अलान्याच्या ओतोगारवर, म्हणजे बसस्टँडवर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर चांगला. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा चढावर सोसत नाही.

समुद्रात घुसलेल्या डोंगरावर इथला गड आहे. सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादने 1221 मध्ये गाव घेतलं आणि गड नव्याने बांधला. तट साडेसहा किलोमीटर, बुरूज 140. बहुतेक लोक बंदरापासून भर दुपारी चढायला लागतात. वाटेवर सावली कमी, त्यामुळे बालेकिल्ल्यापर्यंत पोचेस्तोवर जीव मेटाकुटीला येतो आणि पाहण्याजोगं तसंच राहून जातं. त्यापेक्षा दामलाताश गुहेजवळून रोपवे घ्या. तो एहमेदेक भागात सोडतो. तिथून थोडा चढ चढलात की इचकाले, म्हणजे बालेकिल्ला. इथे तिकीट आहे. वारा जोराचा असला की रोपवे बंद ठेवतात. मग सिटी बस किंवा टॅक्सी. गडावर सुमारे 400 पाण्याची टाकी आहेत. आपले गड पाहिलेल्याला त्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

उतरताना घाई नको. दगड घासून गुळगुळीत झालेत, सपाट तळाची चप्पल हमखास घसरते, बूटच घाला. वाटेत जुन्या वस्तीत रेशमी कापड आणि सुकवलेले भोपळे विकायला असतात. मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे पाहिलेल्या माणसाचे पाय इथे थबकणारच. हे भोपळे त्यांहून लहान. अंगावर बारीक भोकं पाडून त्यांत रंगीत मणी बसवतात, आत दिवा लावला की भिंतभर ठिपके उमटतात. घेताना टिचकी मारून बघा, चीर असेल तर आवाज फुटका येतो. कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेतच आणा.

खाली बंदरावर किझिल कुले, 1226 चा अष्टकोनी लाल बुरूज, 33 मीटर उंच. पलीकडे पाण्याला लागून पाच कमानींची जहाजगोदी आहे. ती नावेतून जास्त नीट दिसते.

शाकाहारी असाल तर ग्योझलेमे मागा: पातळ लाटलेली पोळी, आत चीज, पालक किंवा बटाटा, आणि भाजतात ती मांड्यासारखी, पालथ्या तव्यावर. सोबत आयरान, म्हणजे खारं ताक. मसुराचं सूप मात्र विचारूनच घ्या, त्यात मांसाचं पाणी असू शकतं. ‘एत सुयू वार मी?’ एवढं विचारलं की पुरतं.

संध्याकाळी पश्चिमेच्या क्लिओपात्रा किनाऱ्यावर या, सूर्यास्त तिथलाच. पण सपाट दिसणाऱ्या पाण्यावर विसंबू नका. चार पावलांत तळ एकदम खोल जातो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढते. पोहता येत नसेल तर घोट्याएवढ्या पाण्यातच थांबा, आणि लाल झेंडा असेल तर तेवढंही नको.