भाडेकरूकडून घर परत घेताना इंदूरच्या घरमालकांनी या चुका टाळा

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर. इंदूरच्या या भागांत वरचा मजला भाड्याने देऊन त्यावर घर चालवणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. भाडेकरू हलेना झाला की पहिला फोन जातो पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना, आणि चुकांची सुरुवात बहुधा तिथेच होते.

महाराष्ट्राचा कायदा इंदूरला लावणे

लीव्ह अँड लायसन्सची (ठरावीक काळ राहू देण्याच्या कराराची) मुदत संपली, सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज केला, घर मिळालं: ही वाट महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातली आहे. इंदूरला लागू आहे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961. त्याच्या कलम 12 मध्ये बेदखलीची, म्हणजे भाडेकरूला घराबाहेर काढण्याची, कारणं मोजून दिलेली आहेत आणि त्यांपैकी एक तरी सिद्ध करावंच लागतं. ‘अकरा महिन्यांचा करार संपला’ हे कारण त्यात नाही. करार जरूर करा, पण त्याची तारीख उलटली म्हणून ताबा मिळेल या भरवशावर राहू नका.

कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे

हे कधीच करू नका. नळ-वीज बंद करायला या कायद्यात मनाई आहे, आणि त्या घरात मुलं-म्हातारी माणसं राहतात हेही विसरू नये. जबरदस्तीने बाहेर काढलेला भाडेकरू विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा करू शकतो. त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं, हा प्रश्नच येत नाही. हक्काचं घर असूनही मालक आरोपीसारखा उभा राहतो.

थकबाकीची घाईची नोटीस

सगळ्यात जास्त दावे इथे अडखळतात. भाडं थकलं तर आधी मागणीची लेखी नोटीस द्यायची. ती भाडेकरूला मिळाल्यापासून दोन महिन्यांत पूर्ण थकबाकी आली नाही, तरच हे कारण उभं राहतं. पंधरा दिवसांची धमकी देऊन लगेच कोर्टात गेलात तर दावा कच्चाच राहणार. नोटिशीतली रक्कमही नेमकी हवी. तीन वर्षांपूर्वीची, मुदतबाह्य झालेली थकबाकी किंवा मनाने वाढवलेलं भाडं त्यात घुसवू नका. पाठवल्याची पावती आणि पोच दोन्ही जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. समन्स मिळाल्यावर एका महिन्यात भाडेकरूने थकबाकी कोर्टात भरली आणि पुढचं भाडं दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरत राहिला, तर निव्वळ थकबाकीवर त्याला काढता येत नाही. ही सवलत एकदा घेतल्यावर त्याने पुन्हा सलग तीन महिने भाडं चुकवलं, तर मात्र ती दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून भाड्याचा हिशेब दावा चालू असतानाही लिहीत राहा. पोटभाडेकरू ठेवणं किंवा घराचं मोठं नुकसान अशी दुसरी खरी कारणं असतील तर तीही दाव्यात मांडा. काही मालक मुद्दाम भाडं घेत नाहीत, मनीऑर्डर परत करतात. त्याने थकबाकीचं कारण आपल्याच हाताने दुबळं होतं.

गरज सांगताना दुसरं घर लपवणे

मुलाचं लग्न ठरलंय, खोल्या कमी पडतात, ही सद्भाविक आवश्यकता, म्हणजे खरी, प्रामाणिक गरज, कायद्याला मान्य आहे. स्वतःसाठी किंवा कुटुंबातल्या माणसासाठी. पण त्याच शहरात राहण्याजोगं दुसरं घर आपल्या ताब्यात नसावं अशी अट आहे. विजय नगरचा रिकामा फ्लॅट उलटतपासणीत निघाला की खरी गरजही खोटी वाटू लागते. तो फ्लॅट का पुरत नाही हे दाव्यातच स्पष्ट लिहा. भाडेकरूसकट घर विकत घेतलं असेल, तर गरजेचा दावा खरेदीनंतर एक वर्षापर्यंत करता येत नाही.

विधवा आणि निवृत्तांनी जवळचा रस्ता सोडणे

याचं फार वाईट वाटतं, कारण ज्यांच्यासाठी ही सोय आहे त्यांनाच ती माहीत नसते. विधवा, घटस्फोटित स्त्रिया, निवृत्त सरकारी कर्मचारी आणि अपंग घरमालक गरजेच्या कारणावर दिवाणी न्यायालयाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे याच 1961 च्या कायद्याच्या कलम 23-अ खाली अर्ज करू शकतात. तिथे भाडेकरूला विरोध करण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, तीही समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: मी या वर्गात बसते का?

निकालानंतरची घाई

हुकूमनामा (घर रिकामं करण्याचा कोर्टाचा आदेश) हातात आला तरी सामान स्वतः बाहेर काढू नका. निष्पादनाचा, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा, अर्ज देऊन कोर्टामार्फतच ताबा घ्या. गरजेसाठी घर मिळालं असेल तर दोन वर्षांच्या आत ते दुसऱ्याला भाड्याने देण्याआधी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याची परवानगी लागते.